मुरलेला हात

बास्केटबॉलमध्ये तिशी ओलांडलेल्या बाईला 'अनुभवी खेळाडू' म्हणतात. कानाला बरं वाटतं. अर्थ एवढाच, की हिला आता बाकावर बसवायचं आहे, फक्त तोंडावर कोण सांगणार! मी मृणाल काळमेघ. व्यावसायिक लीग सुरू झाली त्या वर्षापासून 'नागपूर वाघिणी' या संघाकडून खेळतेय. गेल्या हंगामात माझा गुडघा कुरकुरायला लागला आणि फ्री थ्रोचं, म्हणजे फाऊल झाल्यावर लाईनवरून एकटीने टाकायच्या चेंडूचं, तर विचारूच नका. मी लाईनवर उभी राहिले की आमचेच प्रेक्षक देवाचं नाव घ्यायचे.

शर्वरी इंगोले लाईनवर आली की मात्र सगळे निवांत. डावा पाय किंचित पुढे, चेंडू तळहातावर एकदा फिरवायचा, आणि मनगट असं सैल पडायचं की चेंडू रिंगला शिवायचासुद्धा नाही. कसं जमतं गं, असं विचारलं तर म्हणायची, "मी कुठं टाकते? आपोआप जातो तो." मला असला राग यायचा! सकाळ-संध्याकाळ घाम गाळायचा मी, आणि आपोआप जाणार हिचा.

शर्वरी माझी मैत्रीण. क्रीडा प्रबोधिनीच्या हॉस्टेलपासूनची. प्रवासात आमची खोली एक, आणि भांडणंही तितकीच. मार्चमध्ये वर्धा रोडवर तिची गाडी उलटली. ती जागच्या जागी गेली. त्या रस्त्याने जाताना मी अजून तिला शिव्या घालते, एवढ्या वेगात जायची काय गरज होती म्हणून. मग गाडी बाजूला लावून रडते.

तिला जाऊन महिना होत नाही तोच कोच बोंद्रे सरांनी मला बोलावलं. सर माणूस चांगला, पण गोड बोलणं त्यांच्या कुंडलीतच नाही.

"मृणाल, यंदा तुला दोनच जागा आहेत. बाक, नाहीतर वामकुक्षी."

वामकुक्षी म्हणजे आमच्या क्लबच्या तळमजल्यावरची निजायची खोली. तिथले डॉक्टर निरंजन हर्डीकर पुण्याचे. पुण्याचे डॉक्टर आणि काम काय, तर खेळाडूंना दुपारी झोपवणं. आम्ही दुसरं काय नाव ठेवणार! आत एक पलंग, जाड पडदे आणि तारा लावलेली एक करड्या रंगाची टोपी.

"मानेच्या जरा वर, डोक्याच्या मागच्या बाजूला लहान मेंदू असतो," हर्डीकरांनी मला समजावून सांगितलं. "सायकल चालवणं, पोळी लाटणं, सही करणं हे सगळं तो सांभाळतो. तुम्ही विचार करून सायकल चालवत नाही. विचार केलात की पडता. आता गंमत अशी, की दिवसभर केलेल्या हालचालींची मेंदू झोपेत उजळणी करतो. त्या वेळी कोणत्या पेशी कोणत्या क्रमाने जाग्या होतात हे ही टोपी टिपून घेते. त्या क्रमाला आम्ही ठसा म्हणतो. आणि तोच क्रम दुसऱ्याच्या झोपेत, ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरींनी, हळूच वाजवला की त्याच्या मेंदूला वाटतं, ही उजळणी आपलीच."

"म्हणजे कॉपी."

"शिक्षण म्हणा," ते जरा दुखावलेच. "शर्वरीताईंचा ठसा आम्ही फेब्रुवारीत घेतला होता. तो तुमच्या अंगात उतरवू."

"आणि माझं जे आधीचं आहे त्याचं काय?"

"जागा एकच असते हो. नवा ठसा मुरायला लागला की जुना फिका पडतो. पण हंगाम संपेपर्यंत काळजी नाही. तोवर केव्हाही काढता येतो."

"आणि हंगाम संपल्यावर?"

"मुरलेल्या लोणच्याची परत कैरी होते का?" असं म्हणून ते स्वतःच हसले. मला हसू आलं नाही, पण मी हो म्हणाले.

का म्हणाले? करिअर वाचवायचं होतं, हे तर आहेच. खोटं कशाला बोलू? पण शर्वरीचा तो थ्रो जगात कुठेतरी राहावा असंही वाटत होतं. तिचं बाकी सगळं जळून गेलं होतं. एवढं एक उरलंय आणि ते माझ्या हातात येऊ शकतं म्हटल्यावर मला राहवेना.

पंधरवडाभर दुपारी झोपले आणि उठले. काही वेगळं वाटायचं नाही. तळहात तेवढे कोमट व्हायचे. मग कोल्हापूरविरुद्धचा सामना आला. फाऊल झाला, मी लाईनवर गेले आणि आमचे लोक सवयीने देवाचं नाव घ्यायला लागले. माझा डावा पाय पुढे सरकला. मी सरकवला नव्हता. चेंडू तळहातावर एकदा फिरला, मनगट सैल पडलं, आणि जाळी फक्त हलली.

सगळ्या हॉलमध्ये चिडीचूप. मग वरच्या रांगेत कुणीतरी हुंदका दिला आणि मागोमाग टाळ्या सुरू झाल्या. आमच्या पोरी मला मिठ्या मारत होत्या, आणि त्यातली एक माझ्या कानात "शरू" म्हणाली. मी तिला टोकलं नाही. त्या क्षणी मला कमालीचं बरं वाटलं होतं.

पुढे प्रत्येक सामन्यात तेच. वर्तमानपत्रांत फोटो, मुलाखती, पुढच्या वर्षाचा करार टेबलावर. बोंद्रे सर चक्क माझ्याशी हसून बोलायला लागले.

घरात पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आलं असेल तर परागच्या. पराग माझा नवरा, शाळेत चित्रकला शिकवतो. बोलतो कमी आणि बघतो फार. एकदा मी लसूण सोलत होते. म्हणजे सोलत नव्हतेच, तळव्याखाली दाबून एका रट्ट्यात साल उडवत होते. तो दारात उभा राहून बघत राहिला.

"हे कधी शिकलीस?"

"शिकायचंय काय त्यात?" मी म्हणाले खरी, पण पुढची पाकळी दाबताना माझा हात थबकला. हॉस्टेलच्या खोलीत, स्टीलच्या डब्यावर, शर्वरी लसूण असाच फोडायची.

त्यानंतर मी स्वतःवर नजर ठेवायला लागले, आणि तिथेच फसले. केस बांधताना रबर आधी दातात धरायचा, ही तिची खोड. चादरीची घडी हनुवटीखाली दाबून घालायची, हीही तिचीच. माझ्या मोबाईलला माझी सही ओळखू येईना. मी किती वेळा बोट फिरवलं, तो आपला 'पुन्हा प्रयत्न करा' म्हणत राहिला. शेवटी मी तो पलंगावर फेकला.

एका सकाळी पराग पाठमोरा बसला होता. मी जाताजाता त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"असाच ठेव जरा," तो म्हणाला. "मृणाल, हा हात तुझा नाही."

"मग काय शेजारणीचा आहे?" मी उसळले.

तो हसला नाही. "तू हात ठेवलास की तुझा अंगठा हलायचा. नुसता इकडून तिकडे. तुला माहीतही नसायचं. हा हात थोपटतो. मला दहा वर्षांत तू कधी थोपटलं नाहीस." त्याने माझा हात पाठीवरून काढला, अगदी हळू, आणि माझ्याच मांडीवर ठेवला. "ती गेलेली बाई आहे गं. आणि रोज माझ्या अंगाला तिचा हात लागतो. मला भीती वाटते."

परागला मी कधी घाबरलेलं पाहिलं नव्हतं. त्या दिवसापासून तो माझ्यापासून वीतभर लांब बसायला लागला. मुद्दाम नव्हे. त्यालाही कळायचं नाही, पण ती वीत असायचीच.

शर्वरीच्या आईकडे मी दर रविवारी जायचे. शालिनीकाकू. शर्वरी शाळेत असतानाच तिचे वडील गेले आणि काकूंनी मेस चालवून तिला वाढवलं. बाई मोठ्या तिखट. लेकीच्या तेराव्यालासुद्धा आचाऱ्याला झापत होत्या, की भाजीला तर्री नाही. अशा घरात मी पाहुणीसारखी बसायचे, चहा प्यायचे, शर्वरीबद्दल चार गोष्टी व्हायच्या आणि मी निघायचे.

त्या रविवारी काकूंचे गुडघे दुखत होते. "आज मी करते चहा," म्हणून मी उठले. पातेलं ठेवलं. आणि माझा हात वरच्या फळीवर गेला, पिठाच्या डब्याच्या मागे, आणि सुंठेची बाटली घेऊन आला.

काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. "तिथं सुंठ हाये म्हणून तुले कोणी सांगितलं?"

त्या फळीला मी जन्मात हात लावला नव्हता.

काकू पुढे आल्या. माझा हात त्यांनी हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला. मग खाली बसल्या आणि तो आपल्या गुडघ्यावर ठेवला. बोटं आपली आपण वाटीच्या खालच्या खळग्यात गेली आणि दाबायला लागली.

"असंच," काकू डोळे मिटून म्हणाल्या. "असंच दाबत होती माही पोट्टी."

चहा उतू गेला. आम्ही दोघी फरशीवर बसून ढसाढसा रडलो. मला भीती वाटली का? वाटली. पण त्याहून जास्त बरं वाटलं, आणि म्हणूनच मी दुसऱ्या दिवशी परत गेले. मग रोज जायला लागले. प्रॅक्टिस संपली की पाय तिकडेच वळायचे. काकू गोळाभात करून वाट बघत असायच्या, वर कडकडीत फोडणीचं तेल. माझ्या केसांना तेल लावून द्यायच्या. घरी पराग एकटा जेवायचा.

हर्डीकरांना मी सुंठेचं सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "यात भुताटकी काही नाही. झोपेत मेंदू फक्त खेळाचीच उजळणी थोडीच करतो? दिवसभर जे जे केलं ते सगळं करतो. शर्वरीताई कोर्टावरून घरी जाऊन चहा करत असणार. तोही आला ठशाबरोबर." त्यांना वाटलं माझं समाधान झालं.

आणि मग एका दुपारी काकू ताट वाढायला उठत होत्या आणि माझ्या तोंडून निघालं, "तू बस. मी वाढते."

काकूंना मी कायम 'तुम्ही' म्हणत आले. मैत्रिणीच्या आईला कुणी 'तू' म्हणतं का? पण ते 'तू' इतकं सहज आलं होतं, की मला ऐकू आलं तेव्हा ते बोलून झालं होतं. काकू नुसत्या हसल्या, तृप्त, आणि पाटावर बसल्या.

मी तडक वामकुक्षीत गेले. "तुम्ही म्हणालात फक्त हालचाली येतात!"

"बोलणं ही हालचालच असते," हर्डीकर चाचरत म्हणाले. "जीभ, ओठ, श्वास... ते सगळं लहान मेंदूच सांभाळतो."

"काढा. आत्ताच्या आत्ता काढा."

"अंतिम सामना तोंडावर आलाय, मृणालताई."

"गेला खड्ड्यात तुमचा अंतिम सामना! मला माझा हात पाहिजे."

ठसा काढायच्या पद्धतीला ते 'निरोप' म्हणायचे. ठसा देणाऱ्या खेळाडूने शेवटी काम आटोपल्याची एक नोंद करून द्यायची, अंगाची आणि आवाजाची. घेणाऱ्याच्या झोपेत ती नोंद वाजवली, की मेंदू समजतो, संपलं आता, आणि सगळं आवरून ठेवतो. माझ्यावर तो निरोप वाजवला. दुसऱ्या दिवशी माझा फ्री थ्रो बोर्डाच्या काठावर आपटून थेट बोंद्रे सरांच्या पायाशी गेला. सरांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता, आणि मी वेड्यासारखी हसत सुटले. त्या संध्याकाळी पराग आणि मी फुटाळा तलावावर गेलो. त्याने माझा हात हातात घेतला, जरा थांबला, आणि म्हणाला, "आलीस?"

तीन-चार दिवस टिकलं ते. मग एकदा चादर माझ्या हनुवटीखाली गेली.

पुन्हा निरोप वाजवला. या वेळी शर्वरी दुसऱ्याच दिवशी परतली, आणि आधीपेक्षा जोरात. आता मी हसायलासुद्धा तिच्यासारखी लागले होते, नाक वर करून. हर्डीकरांनी हात टेकले. "ही टोपी वापरणाऱ्या इतर कुठल्याच शहरात असं झालेलं नाही. एका निरोपात ठसा जातो. इथेच काय होतंय कळत नाही."

"मला ऐकवा तो निरोप," मी म्हणाले.

त्यांनी लावला. आधी खुडबुड, मग हर्डीकरांचाच आवाज. 'इंग्रजीत कशाला? आपण मराठी माणसं. घरातून निघताना म्हणता ना, तेच म्हणा.' मग शर्वरीचं हसू. आणि अगदी जवळून, कानाशी ओठ आणल्यासारखं, 'चला, येते हं.'

मी उठून उभी राहिले.

"काय झालं?" हर्डीकरांनी विचारलं. "निरोपच आहे की."

"डॉक्टर, ती काय म्हणाली?"

"येते म्हणाली."

"मग येतेय ती."

ते मटकन खुर्चीत बसले. बाकी शहरांतले खेळाडू 'डन' नाहीतर 'बाय' म्हणून मोकळे झाले होते. इथे यांना मराठीचा अभिमान आडवा आला. आणि तेही पडले मराठी, त्यामुळे दोनदा वाजवूनही ते त्यांच्या कानाला खटकलंच नव्हतं. घरातून निघताना 'जाते' कोण म्हणतं? चुकून म्हटलं तर मोठी माणसं तिथल्या तिथे टोकतात, जाते काय म्हणतेस, येते म्हण.

"नुसता शब्द नाही," हर्डीकर म्हणाले. "येते म्हणताना माणूस दारात अर्धा वळलेला असतो. वजन मागच्या पायावर, मान घराकडे. अंगात परत फिरायची तयारी असते. आम्ही तुमच्या मेंदूला तेच शिकवत होतो. दर निरोपाला आम्ही तिला परत बोलावत होतो."

"मग आता?"

"तिला सोडणारं कुणीतरी लागेल. तिचं अंग ज्या आवाजाचं ऐकतं, तो आवाज."

तो कुणाचा, हे आम्हाला एकमेकांना सांगावं लागलं नाही. काकूंनी तिला 'जा' म्हणायचं. नुसतं 'जा'. आणि तेही अंतिम सामन्याच्या आत, एकदाच. "त्या आवाजाचा जोर फार आहे," हर्डीकर म्हणाले. "सुटली तर कायमची सुटेल. पण काही चुकलं, तर त्याच आवाजाने ठसा पक्का होईल. मग माझ्या हातात काही नाही."

काकू तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं. त्या सोलत राहिल्या.

"म्हंजे माह्या पोरीले मीच हाकलू," त्या शेवटी म्हणाल्या.

"काकू, पराग माझ्याजवळ बसत नाही हो. मला माझा हात उरलेला नाही. उद्या माझी जीभ पण राहणार नाही."

"मंग तू येशील काय?"

"येईन ना. दर रविवारी येईन."

"तू येशील," काकू म्हणाल्या. "ती नाही."

मला त्यांचा राग येत होता आणि त्यांची कीवही येत होती, आणि त्या वेळी माझी बोटं टोपलीतल्या शेंगा भराभर सोलत होती, काकूंच्याच पद्धतीने, टोकाकडून चिरत. काकूंनी ते पाहिलं. माझ्या बोटांवर त्यांनी आपला हात ठेवला आणि ती थांबवली.

"तुही माय तिकडे अकोल्याले वाट पाहत असंल," त्या म्हणाल्या. "आपली गेली म्हणून दुसरीची ठेवून घेणं बरं नाही. उद्या येते मी."

दुसऱ्या दिवशी दुपारी काकू इस्त्रीचं लुगडं नेसून आल्या. सकाळपासून देवापुढे बसून 'जा' म्हणायची तालीम केली, असं त्यांनी परागला सांगितलं. परागही आला होता. त्याने माझ्या कपाळावर हात ठेवला. मी टोपी घातली, कुशीवर वळले आणि झोपले. पुढचं मला परागनेच सांगितलं.

माझा श्वास संथ झाला तेव्हा हर्डीकरांनी खूण केली. काकू माईकजवळ वाकल्या. "शरू," त्यांनी हाक मारली. झोपेतच माझी मान त्यांच्याकडे वळली. पाय हलले, निघाल्यासारखे. हर्डीकरांनी पुन्हा खूण केली, आता. काकूंनी डोळे घट्ट मिटले, पदर मुठीत धरला आणि म्हणाल्या, "शरू, जा..."

'जा' अगदी स्वच्छ आलं, पराग म्हणाला. ठणठणीत. आणि पुढचं थांबलंच नाही.

"...ऊन ये, बाई."

हर्डीकरांनी बटणावर झडप घातली, पण ते वाजून गेलं होतं. काकूंनी तोंडावर पदर दाबला. शाळेला, प्रॅक्टिसला, सामन्यांना, रोज सकाळी दारात उभं राहून त्यांनी लेकीला हेच तर म्हटलं होतं.

मी जागी झाले. समोर काकू रडत बसल्या होत्या. मी उठून बसले आणि अंगठ्याने त्यांचे डोळे पुसले.

"काऊन रडून राहिली व?" मी म्हणाले.

पराग खोलीतून बाहेर गेला.

काकू शपथेवर सांगतात की सवयीने जीभ घसरली. परागचा विश्वास नाही. तो म्हणतो, शेवटच्या क्षणी त्यांचं मन फिरलं आणि ते त्याने डोळ्यांनी पाहिलं. मला विचाराल तर मला माहीत नाही. विचारायला गेले की माझ्या तोंडून दुसरंच काहीतरी निघतं. भाजी काय करतेस, गोळी घेतलीस का, असलं.

अंतिम सामन्याला अकोल्याहून माझी आई आली. प्रवासाने दमलेली, पण नवी साडी नेसून, रेल्वेच्या सगळ्या डब्याला लेकीचे फोटो दाखवत आलेली. क्लबने पहिल्या रांगेत खुर्च्या ठेवल्या होत्या. आई आणि काकू शेजारीशेजारी बसल्या. दोघींची ओळख शर्वरीच्या आणि माझ्या हॉस्टेलपासूनची, त्यामुळे गप्पा रंगल्या होत्या. पराग मागे कुठेतरी उभा होता.

सामना शेवटच्या मिनिटाला बरोबरीत आला आणि मला फाऊल मिळाला. मी लाईनवर गेले. देवाचं नाव कुणी घेतलं नाही. डावा पाय, तळहात, मनगट. दोन्ही चेंडू रिंगला न शिवता आत गेले. शिट्टी वाजली. आम्ही जिंकलो. सगळं मैदान माझ्याकडे धावत आलं, कुणीतरी मला खांद्यावर घेतलं, बोंद्रे सर रडत होते. मला मात्र खाली उतरायचं होतं. मला पहिल्या रांगेकडे जायचं होतं, आणि ही इच्छा माझी होती, शंभर टक्के माझी. मला माझ्या आईला भेटायचं होतं.

मी गर्दीतून वाट काढली आणि जीव खाऊन हाक मारली, "आई!"

दोघींनीही ओ दिली.

माझी आई अलीकडे होती. तिने हात पसरले. मी तिला ओलांडून पलीकडे गेले.